लाल दोऱ्याचं कार्ड

माझं ब्लाउज शिवण्याचं दुकान आणि रंगरावांचं दुरुस्तीचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक पत्रा आहे. त्यामुळे त्यांच्याकडे कोण आलं, कोणाचं काय बिघडलं आणि कोण तोंड पाडून गेलं, हे मला न विचारता कळतं. सुचिता टेलर कान लावून बसते असं वाशीमातल्या काही बायका म्हणतात. त्यांनी एकदा माझ्या जागेवर बसून बघावं. कान लावायची गरजच पडत नाही.

रंगरावांच्या पाटीवर 'रेडिओ, टीव्ही, मिक्सर दुरुस्ती' असं लिहिलेलं आहे. मिक्सर ते अजूनही दुरुस्त करतात, कारण पोट आहे. पण या माणसाचा जीव अडकलाय तो भलतीकडेच. तीस-चाळीस वर्षांपूर्वी छोटे कॉम्प्युटर निघाले होते, पडदा आणि डबा एकाच अंगाचे, वरून उचलायला कडी, पडदा जेमतेम वहीच्या पानाएवढा. आज ते कोणाच्या कामाचे नाहीत. पण पुण्याकडे, बंगळुरूकडे काही शौकीन लोक आहेत, ते असले डबे पुन्हा चालू करून दिवाणखान्यात मांडतात. त्यांना सुटे भाग लागतात, आणि ते बनवणारे कारखाने कधीच बंद पडलेत. मग वाशीमला रंगरावांचा फोन वाजतो.

सगळ्यात जास्त मागणी कार्डांना. कार्ड म्हणजे पंजाएवढी हिरवी पाटी, तिच्यावर पाय असलेल्या काळ्या चिपा बसवलेल्या. डब्याच्या पोटात एक खाच असते, तिच्यात हे कार्ड खोचलं की डब्याला काहीतरी नवीन जमायला लागतं. कोणाला रंग दाखवता येतात, कोणाला आवाज फुटतो. रंगराव फोनवर फक्त 'पाहतो' म्हणतात आणि मोपेडला पिशवी अडकवून निघतात. भंगारवाले, बंद पडलेले टायपिंगचे क्लास, बुडालेले छापखाने, असं फिरत राहतात. मिळालेला माल रिठ्याच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशनं घासतात आणि सुपात घालून सावलीत वाळवतात. माझ्या गिऱ्हाइकांना वाटतं, शेजारी वड्या घातल्यात.

सूप उगाच नाही आलेलं. रंगरावांचं घराणं अनसिंगचं, पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला पिकवणारं. धाकटा भाऊ देवमन अजूनही वांगी, दोडकी, काकडी लावतो आणि म्हातारी आई प्रयागबाई त्याच्या मागे फिरून चुका काढते. त्यांच्या मळ्यात एक रीत आहे. वेलावरचं सगळ्यात चांगलं फळ आधीच हेरायचं आणि त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायची. ते बियाण्याचं. पाहुणा येवो, बाजारात भाव चढो, त्याला कोणी हात लावत नाही. ते वेलावरच पिकतं, वाळतं, आणि पुढच्या वर्षीचा मळा त्याच्यातून निघतो.

रंगरावांनी हीच रीत दुकानात आणली. कुठल्याही भागाचा शेवटचा चांगला नग उरला की त्याला लाल दोरा बांधायचा. तो विकायचा नाही. "नमुना हाताशी असला तं बिघडलेला दुसरा उभा करता येते," असं त्यांचं म्हणणं. दोरा अर्थातच माझ्या दुकानातला. एकदा बंगळुरूचा एक माणूस थेट गाडी करून आला, खूप गयावया केली, तरी यांनी लाल दोऱ्याची वस्तू दिली नाही. मी पत्र्याआडून ओरडले, "अहो, द्या नं त्याले! बिचारा किती लांबून आला!" रंगराव शांतपणे म्हणाले, "बियाण्याचं आहे, सुचिताबाई."

अशा वस्तूंमध्ये एक कार्ड फार खास होतं. त्या काळी या डब्यांना मराठी येत नसे. एका कंपनीनं मराठी उमटवणारं कार्ड काढलं होतं, सगळी अक्षरं त्याच्यावरच्या एका चिपेत भरलेली. कार्ड खोचलं की पडद्यावर मराठी दिसणार, काढलं की नुसती वेडीवाकडी चिन्हं. रंगरावांना उभ्या आयुष्यात असं एकच कार्ड सापडलं होतं, कारंज्याच्या एका बंद छापखान्यात, पाच वर्षांपूर्वी. त्यांनी ते मला पेढा दाखवावा तसं दाखवलं. मी त्याला दोन पदरी लाल दोरा बांधून दिला. त्या पावसाळ्यात आमचे पत्रे गळत होते, म्हणून त्यांनी ते अनसिंगला नेऊन आईच्या हातात ठेवलं आणि सांगितलं, "माय, हे बियाण्याचं आहे. जपून ठेवजो."

एवढंच बोलले. पुढचं सगळं या एका वाक्यानं केलं.

यंदा भाद्रपदात एका सकाळी दारात ऑटो थांबला. त्यातून पुण्याला नोकरी करणारी जिनल उतरली, मागून तिची आजी जतनबाई. जिनलच्या हातात निळ्या पॉपलिनची खोळ घातलेलं काहीतरी जड होतं. खोळीला पिवळी पायपिंग पाहिली आणि मी मशीन थांबवलं. ती खोळ माझ्या हातची होती. नवीन दुकान टाकलं तेव्हा कस्तुरचंद शेठनी ती शिवायला दिली होती.

कस्तुरचंद म्हणजे जतनबाईंचे मालक, जिनलचे आजोबा. त्यांचं कापडाचं दुकान होतं. माप एकदम चोख, बोटभर कमी नाही आणि बोटभर जास्तही नाही. हसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. जाऊनही अठ्ठावीस वर्षं झाली.

मी सरळ उठून रंगरावांच्या दुकानात जाऊन बसले. पत्र्याआडून ऐकण्यासारखी गोष्ट ही नव्हतीच.

जतनबाईंनी स्टुलावर टेकून पदर सावरला. ऐंशीच्या झाल्यात, पण आवाज खणखणीत. "भाऊ, तुले क्षमावाणी माहीत आहे नं?" त्यांनी विचारलं.

रंगरावांनी मान हलवली. वाशीमात राहून कोणाला माहीत नसणार? जैनांचं दशलक्षण पर्व संपलं की तो दिवस येतो. लहानथोर एकमेकांना हात जोडतात, 'उत्तम क्षमा' म्हणतात, वर्षभरात जे दुखवलं असेल त्याची माफी मागतात. लांबच्यांना पत्रं जातात.

"यायची पत्रं गावोगाव जात," जतनबाई सांगू लागल्या. "हिंगोली, इंदूर, सोलापूर. या डब्यावर लिहीत अन् छापत. तिकिटं मी चिटकवत होती. पन मले त्यायनं कधी हात जोडले नाई. घरातल्या बाईची काय माफी मागाची? शेवटच्या साली लकवा मारला, वाचा गेली. डाव्या हाताचं एक बोट तेवढं चाले. पाच महिने त्या बोटानं खटखट करून राह्यले होते. मी जवय गेली का पडदा बंद करत. मले वाटे, मायासाठीच काई लिहून राह्यले. मंग वाटे, दुकानाचंच असन. छापाच्या आधीच गेले."

"नंतर एक मेकॅनिक दुरुस्तीला म्हणून कार्ड काढून घेऊन गेला, तो आलाच नाही," जिनल म्हणाली. "फ्लॉपी मी पुण्यात उघडून पाहिली. मजकूर आहे, पण सगळी वाकडी चिन्हं. त्या कंपनीची लिपीची पद्धत वेगळी होती, कोणाकडेच तिचा तक्ता नाही. कार्ड असेल तरच अक्षरं दिसतील."

"दिसली तं फोटो काढून वाचून दाखवू की आजीले," मी मध्येच म्हणाले. मला गप्प बसता येत नाही.

जतनबाई माझ्याकडे वळल्या, जराशा तिरक्या. समोर बघायचं असलं तरी त्या मान बाजूला करून बघत होत्या. "डोये चालले माये, बाई. मधातलं दिसत नाई, कडंचं दिसते. अकोल्याचा डॉक्टर म्हणे, दिवाळीनंतर अक्षर दिसन का नाई, सांगता येत नाई. दुसऱ्यानं वाचलेलं मले नाई पायजे. मायासाठी असन तं मीच वाचीन. नसन, तं नाई म्हून मीच पाहीन."

 रंगरावांनी डब्यावरून हात फिरवला, जसा ते मळ्यातल्या बैलावरून फिरवत असतील. "मराठी कार्ड आहे मायाजवळ," ते म्हणाले. "एकच आहे. क्षमावाणीच्या आत तुमाले वाचाले देतो."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत लाल दोऱ्याची वस्तू बाहेर काढतो म्हणाले होते ते हे पहिल्यांदाच. जतनबाई गेल्यावर मी छेडलं, "काहून, बियाण्याचं होतं नं?" तर म्हणाले, "पेरासाठीच ठेवते मानूस बियाणं. आज पेराचा दिवस आला."

दुसऱ्या दिवशी मला अनसिंगला एका गिऱ्हाइकाचे ब्लाउज पोचवायचे होते, म्हणून मी त्यांच्या मोपेडवर मागे बसले. प्रयागबाई अंगणात भेंडी निवडत होत्या. लेकानं कार्ड मागितलं तशी म्हातारीच्या चेहऱ्यावर जी शान आली, ती मी विसरणार नाही. त्या आत गेल्या आणि दोन्ही हातांनी एक मडकं घेऊन आल्या. मडक्याचं तोंड शेणमातीनं लिंपलेलं होतं.

रंगरावांचा चेहरा तिथेच उतरला. मला आधी उमगलं नाही.

"तूच म्हतलं होतं नं, बियाण्याचं आहे म्हून," प्रयागबाई लिंपण फोडत म्हणाल्या. "दोडक्याचं बी ठेवते तसंच ठेवलं. चुलीची राख चाळून घातली, मधात कडुलिंबाचा पाला. पाच पावसाळे कोनाले हात लावू नाई देला."

बियाणं असंच ठेवतात. राखेत कीड लागत नाही. पण हे बी नव्हतं, आणि कुठूनतरी मडक्यात ओल शिरली होती. राख ढेकळासारखी घट्ट झाली होती. रंगरावांनी बोटांनी ती हलकेच फोडली आणि कार्ड बाहेर काढलं. ओल्या राखेनं तांबं खाल्लं होतं. खाचेत बसणारी सोनेरी दातरी सुटून आली होती, तिच्यामागच्या बारीक पट्ट्या हिरव्या-पांढऱ्या पडून जागोजागी तुटल्या होत्या. लाल दोरा मात्र जसाच्या तसा होता.

"बरं आहे नं रे?" म्हातारीनं विचारलं. तिची नजर आता कार्डावर नव्हती, लेकाच्या तोंडावर होती.

"एकदम बरं आहे, माय," रंगराव म्हणाले. त्यांनी कार्ड रुमालात गुंडाळलं, आईच्या हातची राख झटकली आणि चहा मागितला. चहा घेताना दोडक्यांना यंदा फूल कसं लागलंय, ते विचारत राहिले.

परतीच्या रस्त्यावर मी त्यांना सोडलं नाही. "खोटं काहून बोलले? सांगाले काय झालं होतं? पुढच्या येळी तरी राखेत घालनार नाई!"  ते मोपेड बाजूला घेऊन थांबले. "सुचिताबाई, साठ वर्सं तिनं घरादाराचं बियाणं जपलं. एका वर्साचं बी तिच्या हातून मेलं नाई. आता या वयात मी तिले सांगू का, का तुले बियाणं जपता येत नाई? चूक मायी आहे. मी तिले बियाणं म्हून देलं, तिनं बियाणं म्हून ठेवलं."

हे ऐकून मलाच रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी वाशीमपर्यंत गाडीच्या धक्क्यांबद्दल कुरकुर करत राहिले.

त्यानंतरचे बारा दिवस रंगराव दुकानात दिसले नाहीत म्हटलं तरी चालेल. इंझोरीत एकाकडे जुना डबा आहे असं कळलं, तर तिथे डब्याच्या पोटात कबुतरांनी घर केलेलं. कारंजा झालं, रिसोड झालं, अकोल्याचं भंगारही उलथंपालथं करून झालं. संध्याकाळी पिशवी रिकामी घेऊन यायचे आणि भिंग लावून त्या खाल्लेल्या कार्डाकडे बघत बसायचे. अक्षरांची चिप कदाचित जिवंत असेल, असं त्यांना वाटत होतं, पण तिला बसवायला धड पाटी तर पाहिजे. इकडे जिनलचा रोज फोन यायचा. जतनबाई स्वतः एकदाही फोनवर आल्या नाहीत. ते मला जास्त लागायचं.

तेराव्या दिवशी मालेगावच्या भंगारवाल्यानं निरोप दिला. हेमसिंग म्हणून एकानं पंचवीस वर्षांपूर्वी मालेगावात कॉम्प्युटर टायपिंगचा क्लास काढला होता, मराठी-इंग्रजी दोन्ही. क्लास बुडाला, आता तो किन्हीराजाला शेती करतो. मी दुकानाला कुलूप लावलं आणि म्हटलं, मी येते. एकट्यानं रिकाम्या हातानं परत येणं वाईट असतं.

हेमसिंग शेतातच भेटले, गडगडाटी हसणारा माणूस. "कम्प्युटर? ते तं कवाच भंगारात देले, भाऊ. फ्लॉपी पोराईनं तोडल्या. कार्ड? असं हिरवं? कितीक होते." त्यांनी हात केला. समोर ज्वारी निसवली होती, कणसं भरत आली होती, आणि पाखरांना भिववायला वावरभर दोरी ताणली होती. दोरीला जुन्या सीड्या लटकत होत्या, चकाकत होत्या. त्यांच्यामधोमध, एका बारीक तारेला, हिरवं कार्ड फिरत होतं.

रंगराव चप्पल काढून ज्वारीत शिरले. का, ते त्यांनाच ठाऊक. कार्ड हातात घेऊन त्यांनी उन्हात उलटसुलट केलं आणि मला दाखवलं. खालची सोनेरी दातरी लखलखीत होती. तेच कार्ड, त्याच कंपनीचं. मात्र मधली एक जागा रिकामी होती. अक्षरांची चिपच नव्हती.

"ते किड्यासारखं होतं का? ते लेकराईनं खेयाले उपटलं," हेमसिंग म्हणाले. "पेटीत पडलं होतं कार्ड, याच महिन्यात टांगलं. चकाकते चांगलं."

मला वाटलं, संपलं सगळं. पण रंगराव हसत होते. त्यांना पाटी पाहिजे होती, पाटी मिळाली. अक्षरं आईच्या मडक्यातून निघालेल्या कार्डावर होती. हेमसिंगनी पैशाचं नाव काढू दिलं नाही, फक्त पाखरांचं काय म्हणाले. मी पर्समधून उरलेली जरीची लेस काढून त्यांच्या दोरीला बांधली. चकाकत तीही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगरावांनी राखेतल्या कार्डावरची चिप उचकटायला घेतली. तिचे पाय आधीच कुजलेले. सगळे निघाले आणि शेवटचा तुटला. चिपेला एक पाय कमी, म्हणजे सगळीच मुकी. आता त्या तुटक्या पायाच्या बुंध्याला केसाएवढी तार कथलाचा डाग देऊन जोडायची होती. रंगरावांनी दोनदा तार टेकवली, दोनदा ती निसटली. एरवी त्यांच्या हातून काही निसटत नाही.

"सरका," मी म्हणाले. "डाग तुमी द्या. तार मी धरते." तीस वर्षं मी ब्लाउजला हुक लावतेय. चिमट्यात ती तार धरून मी श्वास रोखून बसले, आणि डाग बसेपर्यंत हललेही नाही. मग त्यांनी ती चिप ज्वारीतल्या कार्डाच्या रिकाम्या जागी दाबून बसवली. खाल्लेल्या कार्डाचा लाल दोरा मी सोडला आणि या कार्डाला बांधला. चालेल की नाही, ते डब्यात खोचल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि क्षमावाणी त्याच दिवशी होती.

जतनबाईंचं घर त्यांच्या बंद दुकानाच्या वरच्या मजल्यावर. सकाळपासून हात जोडायला येणाऱ्यांची रीघ होती, ती ओसरल्यावर आम्ही डबा टेबलावर मांडला. रंगरावांनी कार्ड खोचलं, बटण दाबलं. पडदा हिरवा उजळला. जिनलनं फ्लॉपी घातली. डब्यानं घरघर केली, थांबला, पुन्हा घरघरला. आणि अक्षरं आली. मराठी अक्षरं, जाड, स्वच्छ.

जतनबाई पडद्याला नाक लागेल एवढ्या जवळ सरकल्या, मान तिरकी केली आणि एकेक अक्षर जोडत वाचू लागल्या. "एक. श्री. रामधनजी, हिंगोली. दोन. श्री..." त्या थांबल्या. जिनलनं पान पुढे सरकवलं. पुन्हा नावं, गावं, पिनकोड. पुन्हा पुढे, तेच. पत्रं पाठवायची ती जुनीच यादी होती.

"म्हतलं होतं नं मी," जतनबाई म्हणाल्या. आवाज तोच, खणखणीत, पण बोलता बोलता त्या पडद्यापासून मागे सरकल्या होत्या. "पत्तेच आहे. बंद कर जिनल. भाऊले चहा कर."

मला कस्तुरचंद शेठचा असा राग आला, की ते समोर असते तर मी बोलले असते. जिनल मात्र हट्टी. "आजी, यादी संपू तर दे," म्हणाली आणि पान सरकवत राहिली. ऐंशी. नव्वद. एकशे बारा, इंदूर. मग एकशे तेरा.

जतनबाईंनी पडद्यावर बोट टेकवलं आणि वाचलं, "एकशे तेरा. सौ. जतनबाई. स्वयंपाकघर. याच घरी."

खाली पत्र होतं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं नाही. ओठ हलत होते, बोट ओळीखालून सरकत होतं. मी बघायला नको होतं, पण मी बघितलं. एका बोटानं लिहिलेलं, मध्ये अक्षरं गळालेली, तरी वाचता येत होतं:

'उत्तम क्षमा. तुझी आई आजारी होती तेव्हा लग्नसराई आहे म्हणून तुला चार दिवस थांबवून घेतले. पाचव्या दिवशी तार आली. तू काही बोलली नाहीस. त्याला सोळा वर्षे झाली. दुकानात मापाला कधी चुकलो नाही, इथे चुकलो. बोलता येत होते तेव्हा बोललो नाही. या वर्षी गावाला पत्रे जाणार नाहीत. हे एकच छापायचे आहे. कस्तुरचंद.'

जतनबाईंनी ते तीनदा वाचलं. नंतर चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि कोणाकडेच न बघता म्हणाल्या, "त्यायले पातोडीची भाजी लय आवडे. माय गेली त्या दिवसापासून मी केली नाई. विचारलं तं म्हणे, हात दुखतात. सोळा वर्सं खोटं बोलली."

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. कोणी हात जोडले की आपणही जोडायचे असतात, त्यांच्यात तशी रीतच आहे. त्यांनी जिनलला मदत करू दिली नाही. पत्राखाली रिकाम्या ओळीवर, एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत त्यांनी लिहिलं: 'उत्तम क्षमा. पातोडी मुद्दाम केली नाही. जतन.' एवढ्याला अर्धा तास लागला. आम्ही तिघं उभ्यानंच थांबलो होतो. रंगराव खिडकीकडे तोंड करून उपरण्यानं नाक पुसत होते. मी तर सरळ रडत होते, लपवून काय करायचं?

आम्ही निघताना जतनबाई म्हणाल्या, "भाऊ, तुयं कार्ड घेऊन जा. जिनल सांगत होती, एकच आहे म्हून."

"पेरलेलं काढून नेत नसतात, आजी," रंगराव म्हणाले. दोरा बांधलेलं कार्ड त्या डब्यातच राहिलं.

चार दिवसांनी प्रयागबाई भाजीच्या गाडीतून वाशीमला आल्या. दोडक्यांची पिशवी माझ्या टेबलावर टाकली आणि तशाच रंगरावांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. अनसिंगपासून त्यांच्या मनात एकच प्रश्न घोळत असणार, कारण त्यांनी लेकाला पाणीसुद्धा मागितलं नाही.

"उगवलं का रे ते?"

"उगवलं, माय," रंगराव म्हणाले. "अठ्ठावीस वर्सांनी उगवलं."

म्हातारीनं मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले, तेव्हा मला कळलं की इतके दिवस ते किती ताणलेले होते. तिनं पाहिलं होतं सगळं त्या दिवशी, हिरवं-पांढरं पडलेलं. आता ती माझ्याकडे वळली, हसली, आणि ठसक्यात म्हणाली, "पाह्य वं सुचिता. राखेत ठेवलेलं बी मरत नाई."

रंगरावांनी माझ्याकडे बघितलं. 

अख्ख्या वाशीमला माहीत आहे की मला गप्प बसता येत नाही. त्या दिवशी मी सुईत दोरा ओवला, मान खाली घातली आणि म्हणाले, "हाव माय. पाहिलं मी."